ओगरचा पहिला डाव: मार्क थ्रीचा हल्ला नीट कसा खेळायचा

माझ्या घरच्या टेबलावर ओगर या पटावरच्या युद्धखेळाचे जे पहिले डाव झाले, त्यांतल्या बहुतेकांत बचाव करणारा हरला. दरवेळी तो फाशाला दोष देत उठला आणि दरवेळी दोष फाशाचा नव्हता. हॉवित्झर, म्हणजे लांब पल्ल्याच्या तोफा, पुढे मांडल्या होत्या, माऱ्याचं बचावाशी प्रमाण चुकीचं काढलं होतं, आणि एकट्या पायदळाच्या तुकडीला शत्रूच्या मुख्य तोफेवर गोळीबार करायला लावलं होतं, जिथे तिला काहीही साधणं नियमानेच अशक्य आहे. सोलापुरातून मला जे प्रश्न येतात तेही याच तीन-चार चुकांभोवती फिरतात. म्हणून सगळा क्रम एकदा सविस्तर लिहितो आहे.

ज्यांनी अजून खेळलेलाच नाही त्यांच्यासाठी एवढंच: एका बाजूला ओगर नावाचा एकच अजस्र, स्वतःच्या बुद्धीने चालणारा रणगाडा, आणि दुसऱ्या बाजूला माणसांची अख्खी फौज. ओगरला कमांड पोस्ट, म्हणजे फौजेचं मुख्य ठाणं, उडवायचं असतं आणि फौजेला ते वाचवायचं असतं. हा लेख फक्त मार्क थ्री या ओगरच्या मूळ डावापुरता आहे. मार्क फाइव्ह या त्याहून मोठ्या ओगरकडे लगेच वळू नका. त्याचे ६० पट्टे (ज्यांवर रणगाडा चालतो ते), दोन मुख्य तोफा आणि सहा क्षेपणास्त्रं सांभाळताना नवखा माणूस नियमच विसरतो. तुमच्या आवृत्तीच्या पुस्तिकेत एखादा आकडा वेगळा दिसला, तर पुस्तिकाच धरा.

टप्पा १: जागा आणि पट

नकाशा षटकोनी घरांचा, सोंगट्या पुठ्ठ्याच्या आणि हलक्या. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, पंखा बंद करून कोणी तासभर बसणार नाही. पण पंख्याखाली दोन सोंगट्या एक घर सरकल्या की डाव बिघडतो, कारण या खेळात एका घराच्या फरकाने माणसं मरतात.

माझा उपाय कॅरम बोर्ड. खेळायची जागा साधारण ७४ सेंटिमीटर, सपाट, आणि चारी बाजूंनी लाकडी कड. छोट्या आवृत्तीचा नकाशा आत आरामात बसतो आणि कडेमुळे वाऱ्याचा झोत आडवा येत नाही. आधी बोर्डावरची पावडर ओल्या फडक्याने पुसून तो कोरडा करा, नाहीतर नकाशाच घसरतो. नकाशाचे चारी कोपरे कागदी टेपने चिकटवा.

चादर अंथरून तिच्यावर नकाशा ठेवू नका. सोलापुरी चादरीची वीण जाड आणि उठावाची, कागद तिच्यावर कधीच सपाट बसत नाही. शेंगाचटणी आणि भाकरीचं ताट वेगळ्या स्टुलावर असू द्या. चटणीच्या तेलाचा बोटाचा एक डाग पुठ्ठ्याच्या सोंगटीवर कायमचा राहतो, माझ्या एका मिसाइल टँकवर तो आजही आहे.

तपासा: दोन्ही खेळाडूंना प्रत्येक घराची रेघ बसल्या जागेवरून दिसते का? दिसत नसेल तर दिवा हलवा, सुरुवात मग करा.

टप्पा २: ओगरचा तक्ता

ओगरची सोंगटी एकच असली तरी तो एका फटक्यात मरत नाही. त्याचा एकेक भाग वेगळा मारावा लागतो, आणि त्याची नोंद कागदावर होते. नवी पेठेतल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातून या तक्त्याच्या दहा प्रती काढून ठेवा आणि पेन्सिल वापरा. मार्क थ्रीवर असतं ते असं (मारा म्हणजे हल्ल्याचं बळ, पल्ला म्हणजे किती घरांपर्यंत पोचतो, बचाव म्हणजे मार सोसायचं बळ):

मुख्य तोफ १: मारा ४, पल्ला ३, बचाव ४.
दुय्यम तोफा ४: प्रत्येकी मारा ३, पल्ला २, बचाव ३.
क्षेपणास्त्रं २: प्रत्येकी मारा ६, पल्ला ५, बचाव ३. एकदा सोडलं की संपलं.
पायदळमार बंदुका ८: प्रत्येकी मारा १, पल्ला १, बचाव १. या फक्त पायदळावर आणि कमांड पोस्टवर चालतात, रणगाड्यांवर नाही.
पट्टे ४५, म्हणजे पुस्तिकेतले ट्रेड. सुरुवातीची चाल ३ घरं.

पट्ट्यांचे चौकोन पंधराच्या तीन ओळींत मांडा. पहिली ओळ संपली की चाल २, दुसरी संपली की १, तिसरी संपली की ओगर जागीच उभा. उभा राहिला तरी शिल्लक तोफा चालूच असतात, हे नवखे विसरतात.

सावधान: क्षेपणास्त्र सोडलं की त्याच क्षणी त्याच्यावर काट मारा. फेरीच्या शेवटी मारू म्हटलं की तिसरं क्षेपणास्त्र कुठून तरी उगवतं आणि वाद होतो.

टप्पा ३: बचावाची मांडणी

बचावाला मिळतात पायदळाच्या २० तुकड्या, १२ चिलखती युनिट आणि एक कमांड पोस्ट. चिलखती युनिट कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवायचं:

हेवी टँक: मारा ४, पल्ला २, बचाव ३, चाल ३.
मिसाइल टँक: मारा ३, पल्ला ४, बचाव २, चाल २.
जीईव्ही, म्हणजे हवेच्या गादीवर चालणारं वाहन: मारा २, पल्ला २, बचाव २. गोळीबाराआधी चाल ४, नंतर पुन्हा ३.
हॉवित्झर: मारा ६, पल्ला ८, बचाव १, चाल नाही. ही बारापैकी दोन जागा खाते.
पायदळाची तुकडी: मारा १, पल्ला १, बचाव १, चाल २. एका घरात तीनपर्यंत.

बारा म्हणजे बारा सोंगट्या असं धरून तीन हॉवित्झर आणि वर नऊ रणगाडे मांडणारे मी पाहिले आहेत. तीन हॉवित्झर म्हणजे सहा जागा गेल्या, उरल्या सहाच.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. नकाशाच्या मधल्या, खड्ड्यांच्या भागात एकूण २० पेक्षा जास्त माऱ्याची फौज ठेवता येत नाही, आणि यात पायदळही मोजायचं. बाकी सगळं उत्तरेला, मागे.

पहिल्या डावासाठी मी हीच मांडणी सांगतो: दोन हॉवित्झर (चार जागा), चार जीईव्ही, दोन हेवी टँक, दोन मिसाइल टँक. झाले बारा. पुढे चार जीईव्ही म्हणजे ८, दोन हेवी म्हणजे ८ आणि पायदळाच्या चार तुकड्या म्हणजे ४, एकूण बरोबर २०. हॉवित्झर, मिसाइल टँक आणि उरलेल्या सोळा तुकड्या मागे.

हॉवित्झर पुढे ठेवायचा मोह होतो, कारण पल्ला मोठा. पण तिला हलता येत नाही आणि बचाव फक्त १. पुढे ठेवलीत तर ओगर दुसऱ्याच फेरीत तिच्या अंगावर असतो. मागे ठेवलीत तर आठ घरांचा पल्ला तसाही मधल्या भागापर्यंत पोचतो. दोघी शेजारी-शेजारी नकोत, एक पूर्वेकडे झुकलेली, एक पश्चिमेकडे. ओगर दक्षिणेच्या कडेवर कुठूनही आत येऊ शकतो आणि तुमची मांडणी पाहून मग तो जागा निवडतो. एका बाजूला सगळं जमवलंत तर तो दुसरीकडून येईल, आणि यायलाच हवा.

सावधान: कमांड पोस्ट ढिगाऱ्याच्या रेषेमागे लपवू नका. घरांच्या कडेवरचे ते ढिगारे ओगर आणि पायदळ सहज ओलांडतात, अडतात ते तुमचे रणगाडे आणि जीईव्ही. म्हणजे भिंत तुमच्याच मदतीला आडवी येते. मोठे खड्डे मात्र सगळ्यांनाच बंद आहेत, ओगरलाही. आडोसा धरायचाच असेल तर खड्ड्यांचा धरा.

तपासा: जागा १२, तुकड्या २०, पुढचा मारा २० किंवा कमी. हे तिन्ही आकडे समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवा, मगच ओगर आत येऊ द्या.

टप्पा ४: फेरीचा क्रम

पहिली फेरी ओगरची. त्यानंतर प्रत्येक फेरीत क्रम हाच:

१. ठप्प झालेली जी युनिट पूर्ण एक फेरी थांबून झाली, ती पुन्हा उभी करा.
२. सगळ्या हालचाली.
३. सगळे गोळीबार.
४. फक्त जीईव्हींची दुसरी चाल.

बुद्धिबळाची सवय असलेली माणसं एक सोंगटी हलवतात, तिने मारतात, मग दुसरी हलवतात. इथे तसं नाही. आधी सगळ्यांनी हलायचं, मग सगळ्यांनी मारायचं, आणि मारून झाल्यावर जीईव्हीखेरीज कोणीही जागचं हलायचं नाही. या एका चुकीने बचाव फुकटात बलवान होतो, कारण पहिल्या फाशाचा निकाल पाहून दुसरा रणगाडा कुठे न्यायचा ते ठरवता येतं. मी टेबलाजवळ एक चिठ्ठी चिकटवली आहे: हला, मारा, जीईव्ही.

ठप्प झालेलं युनिट स्वतःच्या पुढच्या फेरीत हलतही नाही, मारतही नाही. विसरू नये म्हणून सोंगटी उलटी करून ठेवा.

टप्पा ५: प्रमाण काढणं

इथे थोडं थांबूया, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मारा भागिले बचाव. उत्तर नेहमी बचाव करणाऱ्याच्या फायद्याकडे उतरवायचं. मागच्या रविवारी माझ्याकडे दोन चुलतभाऊ खेळत होते. धाकट्याने मुख्य तोफेवर हेवी टँक आणि मिसाइल टँक मिळून ७ चा मारा लावला.

"अबे, सात भागिले चार म्हणजे पावणेदोन, दोनच धर की."

"दोन कसं बे? पूर्ण झालं नाही ना. एकास एक."

थोरला बरोबर होता. सात विरुद्ध चार म्हणजे १:१. आणखी एका माऱ्याची भर पडली असती तर आठ होऊन २:१ झालं असतं, आणि तेवढ्याने सहात दोनऐवजी सहात तीन अशी संधी मिळाली असती. म्हणून फासा उचलण्याआधी विचारा: आणखी किती मिळवलं तर पुढचं प्रमाण गाठेल, आणि आत्ता किती वाया जातंय?

निकालाचा तक्ता, मारा आधी, बचाव नंतर:

१:२ ला ६ पडले तर खलास, ५ ला ठप्प.
१:१ ला ५-६ खलास, ३-४ ठप्प.
२:१ ला ४-५-६ खलास, २-३ ठप्प.
३:१ ला ३ ते ६ खलास, १-२ ठप्प.
४:१ ला २ ते ६ खलास, १ ला ठप्प.
५:१ किंवा वर असेल तर फासा टाकायचाच नाही, थेट खलास.
१:२ पेक्षा कमी असेल तर हल्ला फुकट.

पायदळावर ठप्प आलं तर एक तुकडी कमी होते. ओगरच्या तोफांवर आणि पट्ट्यांवर ठप्पचा काहीच परिणाम नाही, तिथे फक्त खलास मोजायचं.

आता पट्टे. त्यांचा नियम सगळ्यांहून वेगळा आहे. पट्ट्यांवरचा हल्ला कितीही माऱ्याचा असो, तो नेहमी १:१ ने होतो. दोन युनिटचा मारा एकत्र करता येत नाही, प्रत्येकाने आपापला फासा टाकायचा. आणि खलास आलं तर एक पट्टा जात नाही, माऱ्याइतके जातात: हेवी टँकने ५ टाकले तर चार, हॉवित्झरने तर सहा.

यातून एक साधा हिशेब निघतो. पट्ट्यांवर लावलेला मारा भागिले तीन म्हणजे सरासरीने जाणारे पट्टे. पहिली ओळ, म्हणजे १५ पट्टे, घालवायला साधारण ४५ माऱ्याचा गोळीबार लागतो. सगळे ४५ घालवायचे तर १३५. तुमच्या फौजेला त्यासाठी किती फेऱ्या लागतील हे एकदा मोजून पाहा, म्हणजे पहिल्या फेरीपासून सगळं पट्ट्यांवर ओतणं का परवडत नाही ते कळेल.

तपासा: प्रत्येक हल्ल्याआधी लक्ष्य बोलून दाखवा. "ओगरवर मारतो" पुरेसं नाही. "दुसऱ्या क्षेपणास्त्रावर, सहा विरुद्ध तीन, दोनास एक" असं म्हणा.

टप्पा ६: ओगरचा हात कुठवर पोचतो

हे मला स्वतःला उशिरा समजलं, आणि समजल्यावर माझा खेळ बदलला. शस्त्राचा पल्ला एकटा पाहू नका, त्यात ओगरची चाल मिळवा. तुमची फेरी संपताना जे युनिट ज्या अंतरावर आहे, तिथे पुढच्या फेरीत काय काय पोचेल?

चाल ३ असताना: क्षेपणास्त्र ८ घरं, मुख्य तोफ ६, दुय्यम तोफा ५, पायदळमार बंदुका ४.
चाल २ झाल्यावर: ७, ५, ४, ३.

जीईव्ही घ्या. ती दोन घरांवर येऊन मारते आणि तीन घरं मागे जाते, म्हणजे थांबते पाचव्या घरावर. चाल ३ असलेल्या ओगरच्या चारही दुय्यम तोफा नेमक्या तिथेच पोचतात. पहिली ओळ गेली की त्या चारवर थांबतात आणि पाचव्या घरापर्यंत मुख्य तोफच उरते. मुख्य तोफही गेलेली असेल तर त्या जीईव्हीला क्षेपणास्त्राशिवाय कोणी हात लावू शकत नाही. म्हणजे मुख्य तोफ आणि पहिले पंधरा पट्टे ही दोन कामं झाली की तुमच्या जीईव्ही जवळजवळ मोकळ्या.

हॉवित्झरचा पल्ला ८, आणि क्षेपणास्त्राचा हातही ८. ओगर तिच्या टप्प्यात आला की तीही त्याच्या टप्प्यात आली. सहाचा मारा विरुद्ध एकचा बचाव, फासा न टाकता खलास. त्यामुळे प्रत्येक हॉवित्झरला एक-दोनच गोळे मिळतील असं धरून चाला.

टप्पा ७: कशावर मारायचं आणि कोणी

क्रम मी असा ठेवतो.

आधी क्षेपणास्त्रं, आणि ती हॉवित्झरने. सहा विरुद्ध तीन, २:१, निम्मी संधी, काही वाया नाही. हॉवित्झर एकटीने मुख्य तोफेवर लावू नका: सहा विरुद्ध चार म्हणजे १:१ च, दोन मारा पाण्यात. तिच्याबरोबर एक जीईव्ही द्या, आठ होतात.

मग मुख्य तोफ. दोन हेवी मिळून २:१. हेवी जवळ आणल्या की त्या मार खाणारच, म्हणून एकेक पाठवू नका, दोन्ही एकाच फेरीत पोचतील असं पाहा. चार जीईव्ही मिळूनही आठच होतात, तोही २:१ चा हल्ला.

पट्ट्यांवर लहान मारा लावा. पायदळाची एक तुकडी मुख्य तोफेवर मारते तेव्हा एकास चार, म्हणजे फुकट. क्षेपणास्त्रावर एकास तीन, तेही फुकट. तीच तुकडी पट्ट्यांवर १:१ ने मारते. एकटी उरलेली जीईव्ही मुख्य तोफेवर १:२, म्हणजे सहात एक संधी, पट्ट्यांवर मात्र सहात दोन आणि लागलं तर दोन पट्टे. दुबळ्याचं बळ पट्ट्यांवरच चालतं.

दुय्यम तोफांवर मी मधूनमधून मारतो, हिशेब सहज जुळला तर. हेवी आणि जीईव्ही मिळून सहा विरुद्ध तीन, २:१.

पायदळमार बंदुकांवर रणगाडे खर्च करू नका. त्या फक्त पायदळाच्या शत्रू आहेत. मागची सोळा तुकड्यांची रांग ओगर पोचायच्या वेळी धडधाकट असेल, तेव्हा मग मिसाइल टँकने दोन-चार बंदुका टिपायला हरकत नाही.

सावधान: पायदळ पुढे पळवत नेऊ नका. चाल दोन आणि पल्ला एक, म्हणजे तुमचा हात तीन घरांचा, ओगरच्या बंदुकांचा चार. ओगरला कमांड पोस्टपर्यंत यायचंच आहे, पायदळाने वाट पाहावी.

टप्पा ८: ओगर ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी

थांबू नका. नवखा ओगर जीईव्हींच्या मागे आडवा-तिडवा फिरतो आणि तेवढ्यात पट्टे जातात. क्षेपणास्त्रं हॉवित्झरसाठी राखा. दुय्यम तोफा जोडीने वापरा: एक तोफ जीईव्हीवर १:१, दोन मिळून ३:१.

रणगाड्यावर चढून जाता येतं, पण त्याची किंमत पट्ट्यांत द्यावी लागते: हेवी टँकला दोन, इतरांना एक. हे पट्टे तक्त्यावर खोडायला जवळजवळ प्रत्येकजण विसरतो. बचाव करणाऱ्यानेच त्यावर लक्ष ठेवावं.

आणि परतीचे पट्टे मोजा. कमांड पोस्ट उडवून दक्षिणेच्या कडेने बाहेर पडलात तरच विजय पूर्ण. पोस्ट उडवलं आणि तिथेच संपलात तर विजय अर्धाच. उत्तरेला पोचताना चाल एकवर आली असेल तर परतीची वाट फार लांब असते.

टप्पा ९: डाव संपल्यावर

साधारण तासाभरात डाव होतो, म्हणून बाजू बदलून दुसरा लगेच खेळा, मांडणी तीच ठेवून. पहिल्या मांडणीचा फोटो सुरुवातीलाच काढून ठेवा म्हणजे वेळ जात नाही. तक्त्याच्या मागे दोनच गोष्टी लिहा: मुख्य तोफ कितव्या फेरीत गेली, आणि पट्ट्यांची पहिली ओळ कितव्या फेरीत संपली. तिसऱ्या डावाला एक हॉवित्झर कमी करून तिच्या दोन जागांवर जीईव्ही घ्या, आणि हेच दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहा.